अश्विनीचं लायसन्स

“राहू द्या ना भाऊ. काय खाऊन राह्यलं ते?”

मोठे बाबू हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणत, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. शाळेच्या ऑफिसातल्या कपाटावर एक बंद पडलेला प्रिंटर होता, त्यात पालीनं संसार थाटला होता. मी म्हटलं भंगारात देऊ, तर हे वाक्य. भिंतीवर एकावर एक टांगलेली जुनी कॅलेंडरं, तर हे वाक्य. फाटकाशी पडून राहणाऱ्या लंगड्या कुत्रीला हाकलायला शिपाई काठी घेऊन निघाला, की आतून तोच आवाज. खरं तर ती कुत्री शाळेच्या खिचडीवरच जगत होती, म्हणजे बरंच काही खात होती. पण बाबूंना हे सांगायची सोय नव्हती.

मी कारंज्यात एसटी स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. दुकान आपलं नावाला. खरा धंदा मोटरसायकलवर. मानोऱ्याकडच्या गावांतून, तांड्यांतून कुठूनही फोन आला की पिशवी लटकवायची आणि निघायचं. माझा स्वभाव तापट. मॉनिटरवर अगरबत्ती खोचलेली दिसली, की-बोर्डात शेंगांची टरफलं सापडली, की माझं डोकं फिरतं आणि मी ते तोंडावर बोलून दाखवतो. मोठे बाबू सगळं शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, “झालं बोलून? चाय घ्या आता.” त्या शाळेत क्लार्क एकच. छोटे बाबू असे कधी कोणी नव्हतेच. तरी हेडमास्तरांपासून पाचवीतल्या पोरांपर्यंत सगळे त्यांना मोठे बाबू का म्हणत, हे मला अजूनही कळलेलं नाही.

आमच्याकडे शाळेत पोरांच्या नावांचं जे रजिस्टर असतं, त्याला दाखल-खारीज म्हणतात. आलं ते दाखल, गेलं ते खारीज. आता त्या शाळेतली अर्धी पोरं आजूबाजूच्या तांड्यांवरची. दिवाळी झाली की आई-बापांबरोबर ऊसतोडीला जायची, वर्ग ओस पडायचे. इतके दिवस गैरहजर म्हणजे नाव कमी करा, असं वरून येणारा प्रत्येक साहेब सांगून जायचा. मोठे बाबू हो म्हणायचे, साहेबाला चहा पाजायचे, आणि एकही नाव कापायचे नाहीत. “होळीले येतेत ना बापा सगळे,” म्हणायचे. एकदा नाव कापलं की पोरगं परत यायला लाजतं, आणि लाजलं की मग येतच नाही, असं त्यांचं म्हणणं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नियम मोडतात, पण भांडत नाहीत. नुसती हळू चालतात.

त्यांची मुलगी अश्विनी बीए करून घरी बसली होती. शाळेला कॉम्प्युटर चालवणारं माणूस हवं होतं, तिनं कोर्स केलेला, म्हणून मानधनावर तिला घेतलं. बापाच्या टेबलाला लागूनच तिचं टेबल. घरी ती बाबा म्हणायची आणि ऑफिसात मोठे बाबू. अगदी गंभीर तोंड करून. “मोठे बाबू, सातवीची यादी देता का?” बाबूही तितकेच गंभीर. “देतो ना मॅडम.” मी खाली वाकून वायरी जोडत असायचो आणि टेबलाखाली हसायचो.

तिच्यात बापाचं काही नव्हतं. ती उद्योगी, धसमुसळी, तोंडानं फटकळ. शाळेतल्या कॉम्प्युटरवर टायपिंगचं, हिशेबाचं जे सॉफ्टवेअर होतं ते, आपल्याकडे सगळीकडे असतं तसं, चोरीचं. दर दोन दिवसांनी ते कुरकुर करायचं. एका दिवाळीच्या सुट्टीत तिनं स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या नावानं खरंखुरं लायसन्स घेतलं. एकदा घेतलं की कायमचं, त्यातलं. माझ्याकडून टाकून घेतलं, स्वतःचा ईमेल घातला, स्वतःचा फोटो लावला. तेव्हापासून त्या मशीनवर कोणताही कागद उघडला की वर उजव्या कोपऱ्यात अश्विनीचं नाव आणि शेजारी रुपयाएवढ्या गोलात तिचा चेहरा. केस एका बाजूला घेतलेले, हसू दाबलेलं. बाबूंना त्याचं भारी कौतुक. कोणी आलं की चष्मा कपाळावर चढवून दाखवायचे, हे पाहा, माह्या पोरीचं नाव लागलं मशीनवर.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तिला ताप आला. आधी गावातल्या डॉक्टरकडे, मग कारंज्याला, मग अकोल्याला. डेंग्यू होता. अकोल्याहून ती परत आली नाही. मी मातीला गेलो होतो. त्याबद्दल मला काही लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही.

दहावं व्हायच्या आधीच मोठे बाबू ऑफिसात हजर. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायची मुदत संपत आली होती आणि ते काम अश्विनीचं होतं. तेव्हाचे हेडमास्तर म्हणाले, सुतक आहे, घरी बसा. बाबू म्हणाले, पोट्ट्यांचं वर्ष जाईल. आपली खुर्ची सोडून ते लेकीच्या खुर्चीवर बसले आणि एका बोटानं टायपिंग करू लागले. एक अक्षर शोधायला इतका वेळ लावायचे की बघणाऱ्याचा जीव जावा. रडले नाहीत. मातीतही नाही, नंतरही नाही. गावात बोलणारे बोलले. असा कसा बाप, डोळ्याला टिपूस नाही! माझ्यासमोर एकानं हे काढलं तेव्हा मी त्याला असा झापला की तो अजून माझ्या दुकानात येत नाही.

त्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट. आपल्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. शाळेत सुट्टीच्या आदल्या दिवशीच उरकतात. शिपाई झेंडूच्या माळा घेऊन आला. घंटेला एक, पाण्याच्या मोटारीला एक, कॉम्प्युटरला एक एक. अश्विनीच्या मॉनिटरला त्यानं माळ घातली आणि मोठे बाबू उठले. मी त्यांना उठताना कधी इतकं चपळ पाहिलं नव्हतं. त्यांनी ती माळ काढली, नीट गुंडाळली आणि खिडकीत ठेवली. की-बोर्डला हळदीकुंकू चालेल म्हणाले, माळ नको. शिपाई बिचारा भांबावला. तो गेल्यावर मला म्हणाले, “घरी तिच्या फोटोले हार हाये, भाऊ. इथं नाई ना.”

मी पिशवी उचलली आणि बाहेर जाऊन उगाच मोटरसायकल पुसत बसलो. पुसायची काही गरज नव्हती.

मग मी त्या मशीनची जास्तच काळजी घेऊ लागलो. तिच्या खात्याचा पासवर्ड कोणालाही माहीत नव्हता. एकदा चुकून जरी ते खातं तिथून बाहेर पडलं असतं, तर परत आत जायला तिच्या मोबाइलवर येणारा आकडा लागला असता. आणि तो नंबर रिचार्जअभावी बंद होऊन कंपनीनं दुसऱ्याला देऊन टाकला होता. बाबूंनी एकदा त्यावर फोन लावून पाहिला होता. परभणीकडचा कोणी माणूस बोलला. काय काम होतं विचारू लागला. बाबू म्हणाले, काही नाही, चुकून लागला. हे त्यांनी मला चहा पिता पिता सांगितलं आणि बशीत उरलेला चहा तसाच ठेवून दिला.

या वर्षी शाळेच्या संस्थेनं सगळ्या मशीनसाठी नवीन सॉफ्टवेअर घेतलं. पावतीसकट, संस्थेच्या नावानं. टाकायचं काम माझ्याकडे आलं. नवं टाकलं. पण आता एक अडचण समजून घ्या, कारण सगळं त्यावर अडलं. नवं आलं म्हणून जुनं लायसन्स आपोआप जात नाही. ते आत बसून राहतं. सातबाऱ्यावर जुन्या मालकाचं नाव तसंच राहावं आणि नव्या मालकाला बँकेनं दारात उभं करू नये, तसा प्रकार. मशीन उघडलं की सॉफ्टवेअर आधी अश्विनीचं लायसन्स पाहायचं, ते नव्याला जुळायचं नाही, मग वर एक पिवळी पट्टी यायची. लायसन्समध्ये गडबड आहे, अमुक दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर टायपिंग बंद. उपाय एकच होता. जुनं लायसन्स मुळापासून काढायचं आणि त्याबरोबर तिचं खातंही.

बाकीच्या मशीनचं उरलंसुरलं मी तासाभरात साफ केलं. या एकाला हात लावला नाही. बाबूंना बाहेर नेऊन सांगितलं. लिंबाखाली उभे राहून त्यांनी सगळं ऐकलं. परत लावता येईल का, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. खोटं कशाला बोलू? मग ते म्हणाले, चालते तोवर चालू द्या. मी पण चालू दिलं. माझ्याजवळ दोन-चार युक्त्या होत्या, मुदत पुढे ढकलायच्या. दर थोड्या दिवसांनी जायचो, एक युक्ती लावायचो. पेट्रोल माझं. कोणी मागितलं नव्हतं आणि मी कोणाकडे मागितलंही नाही.

नव्या हेडमास्तरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते वाशिमहून बदलून आलेले, चांगले, पण घाईचे. पिवळी पट्टी दिसली की विचारायचे, अजून हे झालं नाही का? बाबू म्हणायचे, होऊन राह्यलं सर. आणि मी तिथं असलो तर मान खाली घालून स्क्रू पिळायचो.

जूनमध्ये माझ्या युक्त्या संपल्या. त्या दिवशी सकाळी बाबूंचा फोन आला, अक्षर उमटत नाही म्हणाले. मी पोचलो तेव्हा ऑफिसात एक मुलगी आणि तिचा बाप उभे होते. तांड्यावरची, याच शाळेतून दहावी झालेली. तीही दिवाळीनंतर जायची आणि होळीला यायची, त्यातलीच. अकोल्याला ॲडमिशन मिळत होती, शेवटचा दिवस होता आणि शाळेचा छापील दाखला हवा होता. दुसरा कॉम्प्युटर हेडमास्तरांच्या खोलीत. खोलीला कुलूप, किल्ली हेडमास्तरांच्या खिशात आणि हेडमास्तर मिटिंगला वाशिमला. लॅबच्या मशीन सुट्टीत गुंडाळून ठेवलेल्या, लॅबची लाइटच बंद. हातानं लिहिलेला दाखला तिकडे घेत नाहीत, हे त्या बापाला आधीच एकानं सांगितलं होतं. तो सारखा रस्त्याकडे पाहत होता, एसटी निघून जाईल म्हणून. एका शब्दानं तक्रार केली नाही त्यानं. केली असती तर बरं झालं असतं.

मोठे बाबू त्या मुलीकडे पाहत होते. काय शिकणार, कुठं राहणार, असं काहीबाही विचारलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उत्तरं देत होती. मग त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि मला म्हणाले, “काढून टाकू भाऊ.”

मी म्हटलं, थोडं थांबू, हेडमास्तर चारला येतील. एसटी तीनची होती. मलाही ते माहीत होतं. बाबूंनी नाही अशी मान हलवली. मी माऊसला हात घातला तर त्यांनी माझं मनगट धरलं.

“तुमी नोका करू. तुमी फक्त सांगा कुठं दाबाचं. हे घरच्यानं करावं लागते.”

मी उठून त्यांच्या मागे उभा राहिलो. आधी तिच्या नावावर, म्हटलं. त्यांनी बाण हळूहळू कोपऱ्यापर्यंत नेला. फोटो थोडा मोठा होऊन खाली उघडला, तशी त्या नव्या व्हर्जनची रीत आहे. दाबलेलं हसू जरा जास्त दिसलं. खाली ‘काढा’ अशा अर्थाचं बटण. ते दाबलं की मशीन एकदा विचारतं. इंग्रजीत ओळ आली. बाबूंना इंग्रजी वाचता येतं, तरी ते मला म्हणाले, हे काय विचारून राह्यलं? मी म्हटलं, खरंच काढायचं का, असं विचारतंय.

“नाई,” ते स्क्रीनकडे पाहत म्हणाले. मग थोड्या वेळानं, “पण काढतो.” आणि दाबलं.

कोपऱ्यात एक राखाडी गोल उरला. पुढचं काम मी सांगत गेलो, ते करत गेले. मशीनला हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत जुन्या लायसन्सची शेवटची पाच अक्षरं टाकायची, मग एंटर. एका बोटानं त्यांनी ती पाच अक्षरं शोधून शोधून मारली. मशीन बंद करून चालू केलं. पट्टी गेली होती. अक्षर उमटू लागलं. दाखला छापला, शिक्का मारला, हेडमास्तरांच्या वतीनं सही केली, आणि त्या मुलीच्या हातात देऊन म्हणाले, जाय माय, नीट जाजो. ती पाया पडली आणि बापामागे रस्त्याकडे पळाली. एसटी मिळाली त्यांना.

मोठे बाबूंनी मग टोपी काढली, चष्मा काढला, दोन्ही टेबलावर ठेवलं आणि बाहेर गेले. शाळेच्या मागे पोरांचे हात-पाय धुवायचे नळ आहेत. त्यातल्या एका नळाखाली ते कपड्यांसकट बसले आणि पाणी डोक्यावर सोडलं. मसणातून आल्यावर घरात शिरायच्या आधी आपण करतो, तसं. शिपाई धावत आला, बाबूंले ऊन लागलं काय, विचारू लागला. मी म्हटलं, हो, लय ऊन आहे आज. तोंड फिरवून सांगितलं, कारण माझं तोंड पाहण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शिपायाकडून शाळेत निरोप पाठवला. दहा दिवस येणार नाही, घरी सुतक आहे. नव्या हेडमास्तरांनी विचारलं, कोण गेलं? शिपाई म्हणाला, पोरगी. साहेब हादरले. स्टाफला घेऊन भेटायला जायच्या तयारीला लागले. तेवढ्यात स्टाफमधलं कोणीतरी बोललं, ती तर दोन वर्षांपूर्वीच गेली, घरी तिच्या फोटोला हार आहे, तेव्हा गोंधळून त्यांनी मला फोन केला, कारण आदल्या दिवशी मी तिथं होतो. मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून.  ते म्हणाले, ही रजा मी दाखवू कशात? नियमात कुठं बसत नाही. मग म्हणाले, बरं, पाहतो मी, बसवतो कुठंतरी.

त्या दहा दिवसांनंतर मोठे बाबू शाळेत आले नाहीत. निवृत्ती जवळच होती. उरलेली रजा जोडून घेतली. आता ते गावातही नसतात, नागपूरला मुलाकडे राहतात. त्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसते. कोपऱ्यातल्या गोलात संस्थेच्या नावाची दोन अक्षरं आहेत. मी अजून त्या शाळेत जातो, काम करतो, चहा नको म्हणतो आणि निघतो.

पण त्या दहा दिवसांतलं एक सांगायचं राहिलं. मी त्यांच्याकडे बसायला गेलो होतो. ओसरीवर सतरंजी टाकलेली. शेजारच्या घरून पिठलं-भाकर आलेली. दोन वर्षांपूर्वीच्या सुतकाला लोक कसे येतील असं मला वाटलं होतं, पण आले होते. गावचे तीन-चार म्हातारे होते, शाळेतले दोघं होते. कोणी काही विचारत नव्हतं. मोठे बाबू भिंतीला टेकून बसले होते आणि रडत होते. लपवून नाही, लहान पोरासारखे, नाक पुसत, हुंदके देत. त्यांची बायको आतल्या दाराशी बसली होती. ती मला म्हणाली, आज तीन दिवस झाले, असेच आहेत, रडू द्या.

मातम असलेल्या घरात माणसं एकच गोष्ट करतात, येणाऱ्या प्रत्येकाला आजारपण पहिल्यापासून सांगतात. ताप कधी आला, कोणाची गाडी केली, डॉक्टर काय बोलला. बाबूंनी दोन वर्षांत हे कोणालाच सांगितलं नव्हतं. मी टेकलो तसे ते सांगू लागले. शनिवारी संध्याकाळी ऑफिसातच तिला थंडी वाजली. मशीन बंद करून ती उठली. अंग तापलं होतं.

“मले म्हणे, बाबा, मी सोमवारी येत नाई. माह्या मशीनवर काम कराचं असन तं करजा. पण काई काढजा नोका, मी आल्यावर पाह्यतो.”

त्यांनी उपरणं तोंडाशी धरलं. बायकोनं आतून पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, त्यांनी तो घेतला नाही.

“दोन साल काई नाई काढलं भाऊ,” ते म्हणाले. “एक कागद नाई काढला.”

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.  तसाच बसून राहिलो. उन्हं ओसरीवरून खाली उतरली, म्हातारे एक एक करून उठले, तेव्हा मीही उठलो. अशा घरातून निघताना येतो म्हणत नाहीत. मी चपला पायात सरकवल्या, मोटरसायकल सुरू न करता ढकलत रस्त्यापर्यंत नेली. मागून ते बायकोला सांगत होते, “काढलं व मी तिचं. आता पोरगी येऊन पाहीन तं काय पाहीन?”